सीपीयू निवांत, तरी रिक्वेस्ट अडकलेल्या: डॉटनेटमधल्या लॉकचा माग कसा काढायचा

लक्षणं साधारण अशी असतात. डॉटनेट या मायक्रोसॉफ्टच्या प्रणालीवरची वेब सेवा दिवसभर नीट चालते. गर्दीच्या वेळी अचानक सगळ्या रिक्वेस्ट लटकतात आणि टाइमआउट सुरू होतात. ज्या एंडपॉइंटचा मूळ अडचणीशी काही संबंध नाही, तोही उत्तर देत नाही. मॉनिटरिंगच्या पडद्यावर सीपीयू मात्र दहा-पंधरा टक्क्यांवर असतो आणि मेमरीही ठीक असते. डेटाबेसची टीम सांगते की आमच्याकडे काहीच ताण नाही, आणि ते खरंच असतं. मग कुणीतरी सेवा रीस्टार्ट करतं, सगळं सुरळीत होतं, तिकीट बंद होतं. काही दिवसांनी तेच तिकीट नव्या क्रमांकाने परत येतं.

दरम्यान सर्व्हर वाढवले जातात, कोअर वाढवले जातात, डेटाबेसची कनेक्शन्स वाढवली जातात. त्यानेही थोडे दिवस बरं वाटतं. रात्रपाळीतली माणसं या चक्रात फार भरडली जातात, म्हणून हा माग पहिल्यापासून शेवटपर्यंत कसा काढायचा ते सविस्तर लिहितो. लॉक म्हणजे कोडच्या एका भागात एका वेळी एकाच थ्रेडला (प्रोग्रॅममधल्या कामाच्या एका धाग्याला) जाऊ देणारं कुलूप. लॉक मुळात मंद नसतो. तो हातात धरून जे काम केलं जातं ते मंद असतं. म्हणून शोध लॉकचा घ्यायचा नाही, लॉक धरून बसलेल्या थ्रेडचा घ्यायचा.

आधी डंप, मग रीस्टार्ट

रीस्टार्ट केलं की कुठला थ्रेड कशासाठी थांबला होता ही माहिती कायमची जाते. लॉगमध्येही ती सापडत नाही, कारण थांबलेला थ्रेड लॉग लिहीत नाही. लॉगमध्ये दिसते ती फक्त शांतता आणि नंतर टाइमआउटची रांग. त्यामुळे सपोर्टच्या रनबुकमध्ये (अडचणीच्या वेळी करायच्या कामांच्या यादीत) रीस्टार्टच्या वरच्या ओळीत डंप, म्हणजे प्रोसेसच्या त्या क्षणीच्या मेमरीची फाइल, असायलाच हवा. सेवेच्या अनेक प्रती चालत असतील तर एक प्रत लोड बॅलन्सरमधून बाजूला काढा, तिचा डंप घ्या आणि बाकीच्या खुशाल रीस्टार्ट करा. ग्राहकही खोळंबत नाहीत आणि पुरावाही हाती राहतो.

यासाठी डॉटनेट-डंप हे मायक्रोसॉफ्टचं मोफत साधन आहे. कलेक्ट ही आज्ञा आणि प्रोसेसचा क्रमांक दिला की फाइल तयार होते. तीन गोष्टी आधीच ठरवून ठेवा, कारण ऐन गोंधळात त्या सुचत नाहीत. पहिली: डंप निघत असताना प्रोसेस थांबलेली असते आणि पूर्ण डंपची फाइल प्रोसेसच्या मेमरीएवढी मोठी होऊ शकते. कुबरनेटीसमध्ये लाइव्हनेस प्रोबचा (सेवा जिवंत आहे का या तपासणीचा) वेळ कमी असेल, तर डंप अर्धवट असतानाच पॉड मारला जातो. दुसरी: लिनक्स कंटेनरमध्ये सेवा ज्या वापरकर्त्याच्या नावाने चालते त्याच्याच नावाने साधन चालवावं लागतं, आणि डंप घेण्यासाठी पीट्रेसची (दुसऱ्या प्रोसेसमध्ये डोकावण्याची) परवानगी लागू शकते. ती परवानगी रात्री दोन वाजता मागत बसण्यापेक्षा आज मागा. तिसरी आणि सर्वात महत्त्वाची: डंपमध्ये ग्राहकांची माहिती, टोकन, कनेक्शन स्ट्रिंग असं सगळं उघड्यावर असतं. ती फाइल तिकिटाला जोडू नका, चॅटवर टाकू नका.

पूर्ण डंप घेणं शक्यच नसेल तर डॉटनेट-स्टॅक सर्व थ्रेडचे स्टॅक, म्हणजे कुठली मेथड कुठल्या मेथडमधून बोलावली गेली याच्या याद्या, मजकुराच्या रूपात छापून देतं. ते हलकं आहे आणि पहिल्या अंदाजाला पुरतं.

डंप एक नको, दोन घ्या, मध्ये दहा-पंधरा सेकंद जाऊ देऊन. कारण पुढे येईलच.

थोडं गणित, कारण त्याशिवाय "अचानक" कळत नाही

लॉकच्या आत एका वेळी एकच थ्रेड असतो. तो तिथे सरासरी २ मिलिसेकंद राहत असेल, तर त्या लॉकमधून सेकंदाला जास्तीत जास्त ५०० रिक्वेस्ट जातील. कोअर चार असोत की चौसष्ट, आकडा ५००च. नवं महागडं यंत्र घेऊनही फरक पडत नाही तो यामुळे.

याहून फसवी गोष्ट म्हणजे ५००च्या जवळ जाताना काय होतं. रांगेच्या साध्या गणितानुसार, रिक्वेस्ट अनियमित येत असतील आणि धरण्याचा काळही कमीजास्त होत असेल, तर रिक्वेस्टला लॉकपाशी लागणारा एकूण वेळ म्हणजे धरण्याचा काळ भागिले उरलेल्या क्षमतेचा हिस्सा (निम्मी उरली असेल तर ०.५). सेकंदाला २५० रिक्वेस्ट असताना लॉक निम्मा वेळ मोकळा असतो, म्हणजे लागतात ४ मिलिसेकंद. ४५० असताना लागतात २० मिलिसेकंद. ४९५ असताना २००. अडीचशेवरून साडेचारशेवर जाईपर्यंत कुणाच्या लक्षातही येत नाही, आणि पुढच्या पंचेचाळीस रिक्वेस्टमध्ये सेवा कोसळते. काल चाललेला कोड आज का चालत नाही, कुणी तर काही बदललं नाही, या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा इथेच सापडतं. कोड तोच आहे, रहदारी दहा टक्क्यांनी वाढली.

जीन अॅमडाल यांनी १९६७ साली मांडलेला नियमही इथे लागू पडतो. एकूण कामापैकी दहा टक्के काम एकाच लॉकखाली होत असेल, तर कितीही कोअर लावले तरी वेग दहापटीपलीकडे जात नाही.

याउलट, लॉकसाठी कुणी स्पर्धाच करत नसेल तर तो घेऊन सोडायला लागणारा वेळ नॅनोसेकंदांत मोजावा लागतो. डॉटनेटमध्ये प्रत्येक ऑब्जेक्टच्या आधी एक छोटा हेडर असतो, त्यातच कुठल्या थ्रेडने लॉक घेतला ते नोंदलं जातं. याला थिन लॉक म्हणतात. दुसरा थ्रेड आडवा आला की रनटाइम आधी थोडा वेळ जागच्या जागी फिरत वाट बघतं. तरीही लॉक सुटला नाही तर सिंक ब्लॉक नावाची वेगळी रचना वापरून थ्रेडला झोपवतं. म्हणून कोडमधला प्रत्येक लॉक काढून टाकण्याची मोहीम हाती घेऊ नका. बहुतेक लॉक निरुपद्रवी असतात, आणि ते काढायच्या नादात डेटाच चुकीचा होऊ लागला तर ती अडचण यापेक्षा कितीतरी वाईट.

काउंटर काय सांगतात

डंप उघडण्याआधी खात्री करून घ्या की अडचण लॉकचीच आहे. डॉटनेट-काउंटर्स हे साधन चालू प्रोसेसवर लावता येतं, त्याचा भार नगण्य असतो. त्यात तीन आकडे एकत्र बघायचे: मॉनिटर लॉक कंटेन्शन (मॉनिटर म्हणजे डॉटनेटचा नेहमीचा लॉक, कंटेन्शन म्हणजे त्यासाठी थांबावं लागणं), थ्रेडपूलच्या (रिक्वेस्टची कामं करणाऱ्या थ्रेडच्या ताफ्याच्या) रांगेची लांबी आणि थ्रेडपूलमधल्या थ्रेडची संख्या. डॉटनेट ९ पासून या काउंटरची नावं बदलली आहेत, पण अर्थ तोच. जुन्या डॉटनेट फ्रेमवर्कवर असाल तर विंडोजच्या परफॉर्मन्स मॉनिटरमध्ये सीएलआर लॉक्स अँड थ्रेड्स या गटात कंटेन्शनचा दर मिळेल.

कंटेन्शनचा आकडा एकटा बघून घाबरू नका. तो किती वेळा थांबावं लागलं ते सांगतो, किती वेळ थांबावं लागलं ते नाही. सेकंदाला हजार वेळा दोन-दोन मायक्रोसेकंद थांबणं काहीच नाही. उलट सेकंदाला फक्त आठ कंटेन्शन, पण प्रत्येक तीन सेकंदांचा, हा पूर्ण बंद पडलेला सर्व्हर आहे. मला तर अनेकदा दिसतं की खऱ्या अडचणीच्या वेळी हा आकडा कमीच असतो, कारण सगळे थ्रेड आधीच झोपलेले असतात आणि नव्याने भांडायला कुणी उरलेलंच नसतं.

खरी ओळख पटते ती पुढच्या दोन आकड्यांवरून. रांगेची लांबी झरझर वाढतेय, थ्रेडची संख्या मात्र सेकंदाला एक-दोन अशी हळूहळू चढतेय आणि सीपीयू निवांत आहे, असं तिन्ही एकदम दिसलं तर थ्रेडपूल उपाशी आहे. काम करायला थ्रेडच नाहीत, जे आहेत ते कशाची तरी वाट बघत आहेत. कशाची, ते डंप सांगेल.

याच वेळी गार्बेज कलेक्शनमध्ये (नको असलेली मेमरी मोकळी करण्यात) किती टक्के वेळ जातोय तेही एकदा बघून घ्या. तो आकडा मोठा असेल तर रस्ता वेगळा आहे, ऑब्जेक्ट कोण एवढे बनवतंय ते शोधावं लागेल.

आणि सीपीयू शंभर टक्के असेल तर? तेव्हा शंका घ्यायची ती लॉक नसल्याची. साधी डिक्शनरी अनेक थ्रेडनी एकाच वेळी बदलली तर तिची आतली साखळी स्वतःतच अडकून थ्रेड अनंत फेऱ्यांत फिरत राहू शकतो. नव्या रनटाइममध्ये बऱ्याचदा ही स्थिती ओळखली जाते आणि एक्सेप्शन मिळतं, पण जुन्या फ्रेमवर्कवर एकेक कोअर कायमचा गुंतून जातो. स्टॅकच्या टोकाला डिक्शनरीच्या शोधाची मेथड दिसली की समजा.

डंपमधला मालक शोधणे

डॉटनेट-डंपच्या अॅनलाइझ आज्ञेने फाइल उघडा. पहिली आज्ञा सिंकबीएलके. ही सिंक ब्लॉकची यादी दाखवते. त्यातला मॉनिटरहेल्ड हा स्तंभ वाचायची एक रीत आहे: मालकासाठी १ आणि वाट बघणाऱ्या प्रत्येक थ्रेडसाठी २. म्हणजे तिथे ४१ दिसलं तर एक थ्रेड लॉक धरून आहे आणि वीस थ्रेड त्याच्यासाठी खोळंबले आहेत. सम संख्या दिसली तर लॉक नुकताच सुटलाय, पुढच्या थ्रेडने अजून घेतलेला नाही.

त्याच ओळीत मालक थ्रेडचा क्रमांक आणि ज्यावर लॉक आहे त्या ऑब्जेक्टचा प्रकार मिळतो. आता त्या मालक थ्रेडवर जा आणि सीएलआरस्टॅक आज्ञेने त्याचा स्टॅक बघा. इथे बरेच जण चुकीच्या दिशेने जातात. पॅरललस्टॅक्सचा लांबलचक नकाशा काढतात आणि वीस-तीस खोळंबलेल्या थ्रेडचे स्टॅक वाचत बसतात. ते सगळे सारखेच असतात आणि मॉनिटर एंटरपाशी संपतात. त्यांच्याकडून कळतं ते एवढंच की ते थांबले आहेत. उत्तर त्या एका मालकाकडे आहे. त्याच्या स्टॅकच्या वरच्या चार-पाच ओळी वाचल्या की बहुतेक वेळा लगेच उलगडा होतो: एसक्यूएल कमांड, एचटीटीपी कॉल, फाइलमध्ये लिहिणं, एक्सएमएल पार्स करणं, किंवा असिंक टास्कचा (थ्रेड न अडवता पार्श्वभूमीत चालणाऱ्या कामाचा) रिझल्ट मागून थांबणं.

दुसरा डंप आता कामाला येतो. दोन्ही डंपमध्ये मालक तोच आणि तो त्याच ओळीवर असेल, तर एक तर तो बाहेरच्या उत्तराची वाट बघत अडकलाय किंवा डेडलॉक आहे, म्हणजे दोन थ्रेड एकमेकांच्या लॉकसाठी कायमचे थांबलेत. मालक बदलला असेल तर लॉक फिरतोय, फक्त फार हळू. उपाय दोन्हींचे वेगळे आहेत, म्हणून एका डंपवर निकाल देऊ नका.

डेडलॉक असेल तर सिंकबीएलकेच्या यादीतच तो दिसतो. एका ओळीचा मालक दुसऱ्या ओळीतल्या लॉकसाठी थांबलेला, आणि दुसऱ्याचा मालक पहिल्यासाठी. यावर एकच टिकाऊ औषध आहे, सगळीकडे लॉक एकाच क्रमाने घेणं. मोठ्या जुन्या कोडमध्ये हे लगेच जमत नाही. तोवर मॉनिटरच्या ट्रायएंटरला मुदत देऊन, मुदत संपली की स्टॅकसकट लॉग लिहून बाहेर पडणं चालू शकतं. निदान सेवा मुकाट्याने गोठत तरी नाही.

एक सावधगिरी. डॉटनेट ९ आणि सी शार्प १३ सोबत नोव्हेंबर २०२४ मध्ये लॉक नावाचा स्वतंत्र प्रकार आला. नव्या कोडमध्ये तोच वापरावा, त्यामुळे कोड वाचणाऱ्यालाही हेतू स्पष्ट दिसतो. पण तो आपली स्थिती स्वतःच्या फील्डमध्ये ठेवतो, ऑब्जेक्टच्या हेडरमध्ये नाही. त्यामुळे तो सिंकबीएलकेच्या यादीत शोधू नका. त्या वेळी थ्रेडचे स्टॅक वाचून मालक ओळखावा लागतो. शिवाय हा लॉक ऑब्जेक्ट या प्रकारात रूपांतरित करून वापरला तर जुनंच मॉनिटर लागू होतं. कंपायलर त्याचा इशारा देतो, तो दुर्लक्षू नका.

नेहमीचा दोषी: लॉकच्या आतली कॅश

मालकाचा स्टॅक बघितल्यावर सर्वात जास्त वेळा जे निघतं त्याचा नमुना सांगतो. दरपत्रक, कॉन्फिगरेशन, शाखांची यादी असं काहीतरी मेमरीत ठेवलेलं असतं, हीच कॅश. दर दहा मिनिटांनी ते जुनं होतं. जुनं झालेलं ज्या रिक्वेस्टला पहिल्यांदा सापडतं, ती लॉक घेते, आतच डेटाबेसकडे जाते, नवी माहिती आणते, ठेवते आणि लॉक सोडते. कोड वाचायला अगदी शहाणा दिसतो. कोड रिव्ह्यूमध्ये कुणी बोट ठेवत नाही.

आता आकडे घालून बघा. आठ कोअरचा सर्व्हर आहे. थ्रेडपूलची किमान संख्या मुद्दाम बदलली नसेल तर ती लॉजिकल प्रोसेसरएवढी, म्हणजे आठ. सेकंदाला २०० रिक्वेस्ट येतात आणि सगळ्यांना ही कॅश लागते. क्वेरीला त्या दिवशी तीन सेकंद लागले. पहिल्या ४० मिलिसेकंदांत आठ रिक्वेस्ट येतात आणि आठही थ्रेड संपतात: एक डेटाबेसची वाट बघतोय, सात लॉकची. किमान संख्येच्या वर थ्रेड वाढवताना पूल मुद्दाम सावकाश वाढवतो, त्यामुळे पुढच्या तीन सेकंदांत मिळतात जेमतेम काही थ्रेड, आणि तेही येऊन त्याच लॉकवर झोपतात. रांगेत सहाशेच्या आसपास रिक्वेस्ट जमा होतात. त्यात ज्यांना कॅशशी काही देणंघेणं नाही अशाही असतात. वाट बघून कंटाळलेले क्लायंट पुन्हा रिक्वेस्ट पाठवतात आणि रांग आणखी फुगते.

पूल एवढा सावकाश का, हे समजून घेण्यासारखं आहे. डॉटनेट ६ पासून थ्रेडपूल मॅनेज्ड कोडमध्ये लिहिलेला आहे, आणि एखादा थ्रेड टास्कच्या वेटवर अडकला तर पूलला ते कळतं आणि तो भरभर नवे थ्रेड आणतो. पण मॉनिटरवर अडकलेल्या थ्रेडसाठी अशी सूचना जात नाही. म्हणून "आम्ही नव्या डॉटनेटवर आलो, आता ही अडचण येणार नाही" ही समजूत लॉकच्या बाबतीत खरी नाही.

कंटेनरमध्ये हे आणखी तीव्र होतं. सीपीयूची मर्यादा एक ठेवली असेल तर रनटाइमला प्रोसेसर एकच दिसतो आणि किमान थ्रेडही एकच. डेव्हलपरच्या सोळा कोअरच्या लॅपटॉपवर जे कधीच दिसलं नाही ते प्रॉडक्शनमध्ये रोज दिसतं ते यामुळे.

त्यात लॉक मिळाल्यावर "आता तरी कॅश ताजी झालीय का" हे पुन्हा तपासलेलं नसेल, तर खोळंबलेला प्रत्येक थ्रेड आळीपाळीने पुन्हा तीच तीन सेकंदांची क्वेरी करतो. मग दहा मिनिटांनी येणारा झटका काही मिनिटं टिकतो, आणि रीस्टार्टशिवाय सुटकाच नाही असं वाटू लागतं.

तुमच्या अडचणीला ठरावीक कालावधी आहे का ते तपासा. टाइमआउट दर दहा मिनिटांनी किंवा दर तासाला येत असतील, तर कोडमध्ये तेवढ्याच मुदतीची कॅश शोधा. कधीकधी डंप उघडायचीही गरज पडत नाही.

दुरुस्ती

सगळ्या रिक्वेस्टना लागणारी एकच माहिती असेल, तर ती नुसती वाचणाऱ्या थ्रेडने लॉक घेण्याचं काही कारणच नाही. नवं दरपत्रक बाजूला, लॉकशिवाय पूर्ण तयार करा. तयार झालं की फक्त संदर्भ बदला. डॉटनेटमध्ये ऑब्जेक्टचा संदर्भ एका झटक्यात बदलला जातो, अर्धवट कधीच दिसत नाही; फील्ड व्होलाटाइल ठेवलं की नवी प्रत पूर्ण बांधून झाल्यावरच इतर थ्रेडना दिसते. अट एकच: प्रसिद्ध केलेल्या प्रतीत नंतर कुणीही बदल करायचा नाही. डॉटनेट ८ मधली फ्रोझनडिक्शनरी यासाठी छान आहे, बनवायला वेळ घेते पण वाचायला वेगवान. ताजी प्रत आणण्याचं काम पार्श्वभूमीतल्या सेवेकडे द्या, पिरिऑडिकटायमर वापरून. क्वेरीला तीन सेकंद लागोत की तीस, रिक्वेस्टना तोवर जुनी प्रत मिळत राहते. दहा मिनिटं जुनं दरपत्रक चालत होतं, तर दहा मिनिटं तीस सेकंदही चालेल. चालत नसेल तर तो प्रश्न व्यवसायाच्या लोकांना विचारा, लॉकला नको.

प्रत्येक ग्राहकाची वेगळी माहिती असेल तर एका लॉकखाली सगळ्यांना का थांबवायचं? कॉन्करंटडिक्शनरीत किल्लीनुसार लेझी टास्क (पहिल्यांदा मागितल्यावरच सुरू होणारं काम) ठेवा. गेटऑरअॅडला दिलेलं फंक्शन लॉकखाली चालत नाही आणि एकाच किल्लीसाठी ते अनेकदा चालू शकतं, हे अनेकांना माहीत नसतं. लेझीमुळे खरं काम मात्र एकदाच होतं. इथे एक खाच आहे. तो टास्क अपयशी ठरला तर अपयशच कॅशमध्ये मुक्काम करतं, आणि त्या ग्राहकाला पुढे कायम एररच दिसते. अपयश आलं की ती नोंद काढून टाकणं आपलंच काम. हे सगळं हाताने लिहायचं नसेल तर डॉटनेट ९ च्या काळात आलेली हायब्रिडकॅश ही लायब्ररी एका किल्लीसाठी एकाच वेळी अनेक फेऱ्या होऊ देत नाही. मेमरीकॅशचं गेटऑरक्रिएट ही हमी देत नाही.

कॉन्करंटडिक्शनरीबद्दल अजून एक. तिच्यातलं वाचन लॉकशिवाय होतं आणि लिहिणं तुकड्यातुकड्यांच्या लॉकने, पण काउंट, कीज आणि व्हॅल्यूज हे तिन्ही तिचे सगळे लॉक एकदम घेतात. प्रत्येक रिक्वेस्टला "कॅशमध्ये किती नोंदी आहेत" हे लॉग करणारी एक ओळ तिचा सगळा फायदा घालवते.

लॉक ठेवावाच लागला तर आतलं काम आटोपतं घ्या. इनपुट आधी तयार करा, आत फक्त बदल करा, बाहेर येऊन लॉग लिहा. आतून इव्हेंट उठवू नका, बाहेरून आलेला डेलिगेट चालवू नका. तो कुठला लॉक घेईल हे तुमच्या हातात नसतं. याचं एक छुपं रूप फार त्रास देतं. लॉकच्या आतून टास्ककम्प्लिशनसोर्सचा सेटरिझल्ट बोलावला, तर त्या टास्कची वाट बघणाऱ्याचा पुढचा कोड तिथल्या तिथे, तुमच्या थ्रेडवर, तुमचा लॉक हातात असतानाच चालू शकतो. तो बनवतानाच रनकंटिन्युएशन्सअसिंक्रोनसली हा पर्याय द्या. कॅन्सलेशनटोकनसोर्सचं कॅन्सल हेही नोंदवलेले कॉलबॅक त्याच थ्रेडवर चालवतं, म्हणून तेही लॉकच्या बाहेर आणा.

लॉक कशावर घेताय तेही बघा. त्यासाठी एक खासगी, फक्त वाचता येणारं फील्ड असावं. धिस वर, टाइपऑफ वर किंवा स्ट्रिंगवर लॉक घेतला की तोच ऑब्जेक्ट दुसऱ्या कुणाच्या हाती असू शकतो. कोडमध्ये लिहिलेल्या सारख्या स्ट्रिंग रनटाइम एकच ठेवतं, त्यामुळे दोन वेगळ्या क्लासमधले "कॅश" नावाचे लॉक प्रत्यक्षात एकच निघतात.

रीडररायटरलॉकस्लिमकडे (अनेकांना एकदम वाचू देणारा, पण लिहिताना एकालाच सोडणारा लॉक) वळायचा मोह होतो. आतलं काम अगदी छोटं असेल तर त्याचा स्वतःचा हिशोब साध्या लॉकपेक्षा महाग पडतो. वाचन लांब आणि लिहिणं विरळ असेल तरच तो मोजून बघा. तसंही अशा ठिकाणी वर सांगितलेली प्रत बदलण्याची पद्धत जास्त सोपी असते.

आज रात्रीपुरतं काहीतरी हवंच असेल, तर थ्रेडपूलची किमान संख्या वाढवणं हा प्रामाणिक तात्पुरता उपाय आहे. सेटमिनथ्रेड्सने किंवा प्रोजेक्ट फाइलमधून करा. एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलने करणार असाल तर लक्षात ठेवा, तो आकडा षोडशमान पद्धतीने वाचला जातो: १०० थ्रेड हवे असतील तर ६४ लिहायचं, १०० लिहिलं तर २५६ होतील. यामुळे बाकीच्या एंडपॉइंटना श्वास घ्यायला जागा मिळते. लॉकची क्षमता मात्र एका रिक्वेस्टनेही वाढत नाही, म्हणून तिकीट उघडं ठेवा.

असिंक कोडमधला लॉक

लॉकच्या आत अवेट (थ्रेड न अडवता असिंक कामाची वाट बघण्याची आज्ञा) लिहिलं तर कंपायलर नकार देतो. ही सक्ती योग्य आहे, कारण अवेटनंतरचा कोड दुसऱ्याच थ्रेडवर सुरू होऊ शकतो आणि मॉनिटरचा मालक थ्रेड असतो. पण त्या नकारावर जी वाट काढली जाते ती जास्त घातक: अवेट काढून रिझल्ट लिहिलं जातं, जे काम पूर्ण होईपर्यंत थ्रेड अडवून ठेवतं. आता लॉक धरलेला थ्रेड असिंक कामासाठी थांबलाय, आणि ते काम पुढे न्यायला पूलमधला थ्रेड लागतो, जे सगळे याच लॉकवर झोपलेत. जुन्या एएसपी डॉटनेटमध्ये सिंक्रोनायझेशन कॉन्टेक्स्टमुळे (अवेटनंतरचा कोड ठरावीक ठिकाणीच चालवण्याच्या सोयीमुळे) अशा ठिकाणी सरळ डेडलॉक व्हायचा. एएसपी डॉटनेट कोअरमध्ये तो कॉन्टेक्स्ट नाही, म्हणून डेडलॉकऐवजी उपासमार होते. लॉक आणि रिझल्ट एकाच स्टॅकमध्ये दिसले, तर बाकी काही शोधण्याआधी ते दुरुस्त करा.

इथे सेमाफोरस्लिम (ठरावीक संख्येलाच आत सोडणारा पहारेकरी), क्षमता एक, आणि वेटअसिंक ही जोडी वापरतात. रिलीज कायम फायनलीमध्ये. दोन फरक मनात ठेवा. सेमाफोरस्लिमला मालक ठाऊक नसतो, त्यामुळे तो धरलेल्या मेथडने आत पुन्हा तोच मागितला तर स्वतःशीच डेडलॉक होतो. साधा लॉक त्याच थ्रेडला पुन्हा मिळतो. आणि वाट बघणारे कुठल्याच थ्रेडवर नसतात. डंपमध्ये सगळे थ्रेड रिकामे दिसतात, सिंकबीएलके कोरी असते, तरी सेवा बंद. तेव्हा डम्पअसिंक ही आज्ञा चालवा, ती अर्धवट थांबलेल्या असिंक मेथडच्या साखळ्या दाखवते. मालकाचं नाव तिथेही लिहिलेलं नसतं, म्हणून वेटअसिंकला मुदत द्यायची सवय ठेवा.

दुरुस्ती झाली हे कशावरून

"या आठवड्यात तक्रार आली नाही" हा पुरावा नाही, कारण वरच्या गणितानुसार रहदारी पाच टक्के कमी असली तरी तक्रार येत नाही. चाचणीच्या वातावरणात प्रॉडक्शनएवढीच सीपीयू मर्यादा लावा, ती कॅश भरणाऱ्या क्वेरीत मुद्दाम दहा सेकंदांचा विलंब घाला आणि गर्दीच्या वेळची रहदारी सोडा. त्याच वेळी कॅशशी संबंध नसलेला एखादा अगदी साधा एंडपॉइंट सतत हाक मारून बघा. कॅश भरली जात असताना त्याच्या उत्तराचा वेळ जागचा हलता कामा नये आणि थ्रेडपूलची रांग शून्याच्या आसपास राहिली पाहिजे. हलला, तर त्या दहा सेकंदांतच डंप घ्या. मालक थ्रेड त्या वेळी तिथेच असतो.